किटलीच्या आधी गेलेलं खोकं

चि. भाचेबुवांस मामाचे भरघोस आशीर्वाद.

तुझी तब्येत ठीक असेल, थंडीने नाक वाहत नसेल आणि सूनबाई तुला वेळेवर जेवू घालत असेल (किंवा तू तिला, तुमच्याकडे हल्ली कसं असतं ते विचारायचं धाडस मला होत नाही), असं धरून चालतो. इकडे माझा गुडघा कुरकुरतो आणि तुझी मामी अजिबात कुरकुरत नाही. काळजी गुडघ्याची नाही.

तुला ठाऊकच आहे, मामीने मागच्या खोलीत चाक बसवून मातीची भांडी घडवायला घेतली. वर्षभर वाकड्या वाट्या झाल्या. मी त्यांत खिळे आणि माझ्या गोळ्या ठेवून जमेल तेवढं कौतुक केलं. मग एक निळी किटली अशी काही उतरली की तिच्यात काही ठेवायचा मला धीर झाला नाही. मामीने तिचा फोटो काढून इंटरनेटवर दुकान मांडलं आणि तुझ्याच देशातल्या एका बाईंनी ती विकत घेतली. मुलांना पोहायला शिकवतात म्हणे. त्या दिवशी मामी पोळ्या लाटताना गुणगुणत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

आता परदेशचं गिऱ्हाईक म्हणजे ना तोंड पाहिलेलं, ना घर. मी म्हटलं, पाठवणी माझ्याकडे. उभी हयात गोदामात काढली, एक नग फुटू दिला नाही (गोदाम लोखंडी पाइपांचं होतं, पण शिस्त ती शिस्त). दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तोंड पोळायची वाट बघत बसत नाही. आधी बाईंची चौकशी केली. घरात कोण कोण असतं, या पत्त्यावर किती वर्षं राहता, किटलीचं नक्की काय करणार, ओळखीचं कुणी हमी देईल का, असं सगळं विचारलं. बाईंनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, वर दाराचा फोटोही पाठवला. इतका समजूतदारपणा पाहून मला जास्तच संशय आला.

म्हणून शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या खेपेला थोडाच माल पाठवावा, नीट पोचला की मग बाकीचा. सल्ला लाख मोलाचा. अडचण एवढीच की आपला माल एकच किटली. एका किटलीपेक्षा थोडा माल म्हणजे किती, यावर मी दोन दिवस डोकं चालवलं आणि उत्तर रिकामं खोकं असं आलं. चांगलं दुहेरी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, आत भुसा, बाहेर चिकटपट्टी, आणि दिलं पाठवून. बाईंना कळवलं नाही. सांगून सवरून घेतली तर ती चाचणी कसली?

खोकं पोचलं, भाचेबुवा. एक कोपरा दबला नाही. मी आनंदाने मामीला सांगितलं, रस्ता सुरक्षित आहे. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, “आणि ती बिचारी खोकं उघडून काय बघेल?” या बाजूने मी विचार केला नव्हता.

बाईंनी तक्रार केली. वेबसाइटवाल्यांनी माल भरल्याचा पुरावा मागितला. पुराव्यात मी कुणाला हार जाणार नाही; भरतानाचे सगळे फोटो तयार होते, पाठवले. चारी बाजूंनी, भरपूर उजेडात, भुसा बाजूला सारूनसुद्धा आत काही नाही हे स्पष्ट दिसत होतं. इतका चोख पुरावा त्यांना क्वचितच मिळत असावा, कारण निकाल तासाभरात लागला. पैसे बाईंना परत गेले आणि मामीच्या दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून मी कॉम्प्युटर उघडलेला नाही (धोका कमी करायचा तोही एक मार्ग आहे).

मामी मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. आता ती मागच्या खोलीत जाते, दार लावून घेते आणि मला आत येऊ देत नाही. गुणगुणणंही ऐकू येत नाही. मला फार वाईट वाटतं रे. तिचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक होतं आणि ते मी घालवलं.

सूनबाईला आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा

ता. क. खरं काम राहिलंच. किटली तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे, ती तू बाईंना नेऊन द्यायची. नकाशावर तुझं गाव आणि त्यांचं गाव यांत माझ्या करंगळीचं एक पेर आहे, म्हणजे जवळच. मामीने टॉवेलात गुंडाळून दिली तशीच मी खोक्यात भरली, उघडून पाहिली नाही. जितके हात लागतील तितका धोका वाढतो.

ता. क. २. जाण्यापूर्वी एकदा रिकाम्या हाताने जाऊन रस्ता बघून ये.

ता. क. ३. मी मामी लिहिते आहे. मामा पोस्टाची तिकिटं आणायला गेलेत आणि पाकीट उघडंच आहे. किटली मी त्या बाईंना केव्हाच पाठवली, जुन्या स्वेटरात गुंडाळून, सोबत चार ओळी माफीच्या. धड पोचली. त्यांनी तक्रार मागे घेतली, दुकान पुन्हा सुरू झालं, आणि आता त्यांना तसलेच सहा कप हवे आहेत. ते आत वाळताहेत, म्हणून दार बंद. तुझ्याकडे येते आहे ती माझी अगदी पहिली किटली, तिच्या तोटीला भोक पाडायचं राहून गेलंय. फुलं ठेव तिच्यात. मामांना यातलं काही सांगितलेलं नाही, नाहीतर कपांची पाठवणीही अंगावर घेतील. पण त्यांना झोप लागत नाही, जेवता जेवता घास हातात धरून बसतात, ते मला बघवत नाही. म्हणून खोकं मिळालं की त्यांना फोन कर आणि सांग, बाईंच्या हातात दिली, एक ओरखडासुद्धा नाही. मामा, तुमच्यामुळेच पोचली, असंही म्हण. तेवढं खोटं मला चालेल.