दादासाठी कोणता क्लॅम्प

मंगळवार, १४ तारीख
वर्कशॉपच्या वरची खोली, दुपार

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने अंगणात फिरून घ्यावं तसं, पण लागलं वाचायला. तुझ्या गुडघ्याचं बरं आहे हे वाचून जिवात जीव आला. जिने मात्र चढू नकोस म्हटलं तर चढू नकोस. डॉक्टर काय हौसेने सांगतात का? इकडे दादा आणि मी, दोघं ठीक. पुढच्या खोलीचं छत गळत होतं ते दुरुस्त केलं, आता फक्त एकाच कोपऱ्यात गळतं.

फोन का केला नाही म्हणशील. फोन खाली वर्कशॉपमध्ये आणि दादाचे कान तुला माहीत आहेत. रंधा चालू असला तरी आपलं नाव निघालं की बरोबर ऐकू येतं. म्हणून हे कागदावर.

तू दोन गोष्टी विचारल्यास. दादाच्या साठीला नवे क्लॅम्प पाठवायचेत, तर कोणते घेऊ? आणि शेवटी, चिमटीत बसेल अशा अक्षरात, “दादाने आता थांबावं असं तुला वाटतं का? तसं असेल तर मी त्याला इकडे घेऊन येते.” त्या बारीक अक्षराचं मागाहून बघू. आधी क्लॅम्प.

विषय निघाला कुठून ते सांगते. त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं जेवणाचं टेबल आम्ही केलं होतं. सहा फळ्या जोडून केलेलं, लांबलचक, दादा त्यावरून हात फिरवताना स्वतःशीच हसायचा. ते उघडलं. मधल्या जोडाला फट पडली, अगदी पोस्टकार्ड आत जाईल एवढी. बाई चिडल्या नाहीत, तेच वाईट. “बघा तुम्हाला काही करता आलं तर,” म्हणाल्या आणि आमच्यासाठी पाणी आणायला गेल्या. टेबल टेम्पोत घालून परत आणलं. दादा वर्कशॉपात शिरला आणि फुटला. “क्लॅम्प गेलेत! सगळे गेलेत! भंगारात घाला!” शेजारचा दारं-खिडक्यावाला काम सोडून बघायला आला.

मी म्हटलं, बरं, क्लॅम्प तर क्लॅम्प. नवे आणून लावून बघू, मग बोलू. हार्डवेअरवाल्याने दोन तऱ्हेचे वापरून बघायला दिले, दारं-खिडक्यावाल्याने त्याचा एक दिला, आणि आपले जुने होतेच. रविवारी वर्कशॉप बंद ठेवून आम्ही चौघांची परीक्षा घेतली. दादा तर न्यायाधीशासारखा स्टूल घेऊन बसला होता.

तू लहानपणी नुसती भुशात खेळलीस, म्हणून थोडं सांगते. गोंद वाळेपर्यंत फळ्या दाबून धरणारा साधा क्लॅम्प आवळला की त्याचा जबडा मागे कलतो. दांड्याजवळ घट्ट, टोकाला सैल. त्यामुळे फळ्या मधून उचलल्या जातात. पॅरलल क्लॅम्पचे दोन्ही जबडे आवळल्यावरही समोरासमोर सरळ राहतात आणि फळीच्या सगळ्या जाडीला सारखा दाब देतात. राहतात असं विकणारा सांगतो. खरं की खोटं ते कागद सांगतो. दोन रंधलेल्या फळ्यांमध्ये कागदाच्या दोन पट्ट्या ठेवायच्या, एक जबड्याच्या बुडाशी, एक टोकाशी. आवळायचं आणि पट्ट्या ओढायच्या. निघाली तर तिथे दाब नाही.

तर उमेदवार असे, पहिले तीन पॅरलल. पहिला काळा, जाडजूड. दादाने त्याचं नाव लगेच “पहिलवान” ठेवलं. धरतो जबरदस्त, यात वाद नाही, पण एक उचलायचा तर माझ्या कमरेचा काटा ढिला होतो, आणि मूठ इतकी गुळगुळीत की हाताला गोंद असेल तर नुसता हात फिरतो, मूठ जागच्या जागी. दुसरा लाल, दारं-खिडक्यावाल्याचा. दिसायला देखणा, पण उभा धरला की खालचा जबडा धाडकन घसरतो. माझं बोट थोडक्यात वाचलं. दादा म्हणाला, “याला भरवसा नाही, याला माणसाळवावं लागेल.” तिसरा करडा, अंगाने बेताचा, मुठीला रबर. जबडा जिथे सोडू तिथे राहतो, खाली पाय आहेत म्हणून टेबलावर आपला आपण उभा राहतो, आणि मुठीच्या शेवटी सहाकोनी भोक. त्यात किल्ली घालून फिरवता येतं, नुसत्या मनगटाचा जोर लागत नाही. ते भोक बघून दादा म्हणाला, “हे आळशांसाठी.” चौथे आपले म्हातारे, अण्णांच्या वेळचे, आपल्याला वारशात आलेले.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. आता पुढचं लिहायला बसले आणि मध्ये उठून दोनदा चहा करून आले.

चिंगे, दादाने पहिलवान आवळला. मी पट्ट्या ओढल्या. दोन्ही निघाल्या. अलगद, लोण्यातून केस काढावा तशा. मी म्हटलं, नीट ठेवल्या नव्हत्या बहुतेक. परत ठेवल्या. परत निघाल्या. लाल लावला, निघाल्या. करडा लावला, निघाल्या. दादाच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि पट्ट्या माझ्या हातात येत होत्या. मी काय करावं? एकदा तर मी ओढल्यासारखं केलं आणि म्हटलं, “बसली हं, ही घट्ट बसली.” दादाने माझ्याकडे बघितलं. “मास्तरणे,” नेहमीच्या चिडवायच्या नावाने म्हणाला, “ओढ. नीट ओढ.” ओढली. निघाली.

मग तो स्टुलावरून उठला आणि मला म्हणाला, “आता तू आवळ.”

मी नको म्हटलं. चहा घेऊ म्हटलं. काहीही बडबडले. त्याने मूठ माझ्या हातात दिली. शेवटी आवळले, आणि पट्ट्या त्याने ओढल्या. नव्या तिघांतून एकही निघाली नाही. फाटली, पण निघाली नाही.

उजव्या हाताचं आहे हे. वर्ष होत आलं असेल. आधी कप पडला, मग पटाशी पडली, मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. अंगठ्याजवळचं मांस बसलंय, नीट बघितलं तर दिसतं. तो काही बोलला नाही आणि मी विचारलं नाही. आपल्या घरात कोण कुणाला विचारतं? मी फक्त एक करायला लागले. त्याने फळ्या जोडून क्लॅम्प लावले आणि तो हात धुवायला गेला की मी मागून फिरायचे, प्रत्येक मूठ थोडी थोडी आवळायचे आणि झाडू घेऊन कोपऱ्यात उभी राहायचे. त्याला कळू नये म्हणून. मला वाटायचं, काय हुशार मी.

आता आपल्या म्हाताऱ्यांचं ऐक. माझ्या हातानेही त्यांच्या टोकाची पट्टी निघाली. बुडाशी घट्ट, टोकाला सैल. साधे असले तरी एवढा फरक नसतो, म्हणजे जबडे खरंच वाकलेत. मी तर खूशच झाले! म्हटलं, “बघ दादा, तू म्हणत होतास तेच, क्लॅम्प गेलेत.” पण तो खूश झाला नाही. एका म्हाताऱ्या क्लॅम्पची मूठ माझ्यापुढे धरून म्हणाला, “या कशाच्या खुणा आहेत?” लाकडी मुठींवर दातांसारखे ओरखडे आहेत. मी ते मागेच बघितले होते आणि दारं-खिडक्यावाल्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, उसने नेतो आणि वाट लावतो म्हणून. दादा खाली वाकला आणि बाकाखालून, फडक्यात गुंडाळलेला, नळवाल्यांचा पाइप पाना काढला. हा एवढा मोठा.

“तू संध्याकाळी वर गेलीस की मी लावायचो,” म्हणाला. “हाताने होत नाही आता. पान्याने होतं.”

मी त्याच्या मागून आवळत होते, आणि तो माझ्या मागून. त्याला कळू नये म्हणून मी, मला कळू नये म्हणून तो. दुपारी माझा जोर, संध्याकाळी पाना. जबडे वाकतील नाही तर काय होईल! आणि ते टेबल. उघडलेला जोड आम्ही घरी आणून बघितला होता. दाब कमी पडला असता तर आत गोंदाचा जाड थर दिसला असता. तिथे गोंद नव्हताच. कोरडं लाकूड. सगळा पिळून बाहेर गेला होता. तेव्हाच मला खटकलं होतं, पण कोडं सुटलं नव्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तू मागून फिरतेस हे मला ठाऊक होतं. पण तू बायकी हाताने किती आवळणार, असं वाटायचं.” आणि मग, “म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या टेबलाचा जीव आपण दोघांनी मिळून घेतला की गं.” आणि हसायला लागला. मीही. इतके हसलो की दारं-खिडक्यावाला पुन्हा आला. तो गेल्यावर दादा उजवा हात डाव्या हाताने चोळत बसला. मला फार वाईट वाटलं, चिंगे. त्या हाताने मला पहिल्यांदा करवत धरायला शिकवलं. मला तो हात धरावासा वाटला. धरला. त्याने सोडवला नाही.

“मी थांबू का?” म्हणाला. तुझाच प्रश्न, तुझं पत्र न वाचता. मी म्हटलं, आधी हात दाखव, मग बघू. रागावेल वाटलं होतं, पण म्हणाला, “गुरुवारी जाऊ. तू चल बरोबर.” अण्णांच्या आजारपणात सगळ्या हॉस्पिटलांत एकटा फिरलेला माणूस! डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील. नस दबली असेल, आणखी काही असेल. मला भीती वाटते, तुझ्यापासून काय लपवायचं.

पण तुझ्या बारीक अक्षराला माझं उत्तर हे असं. त्याला नेऊ नकोस. आत्ता नाही. मागच्या वेळी तू चांगल्या मनानेच म्हणाली होतीस, “दादा, आता आराम कर,” आणि तो नंतर चार दिवस नुसता पटाश्यांना धार लावत बसला होता. त्याची मूठ गेली असेल, पण बोटं गेलेली नाहीत. डोळे मिटून जोडावरून बोट फिरवतो आणि सांगतो, इथे उंच आहे. मी लोखंडी पट्टी लावून बघते. असतं उंच. अशा माणसाला तुझ्या गॅलरीत खुर्ची देऊन तू काय करणार? झाडांना पाणी घालायला लावणार?

क्लॅम्प करडे पाठव, किल्लीवाले. कोणते घ्यायचे ते मी दादालाच विचारलं. त्याने पहिलवानावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, “करडे सांग. पण चिंगीला लिही, मला सोयीचे म्हणून नाही. मुळात चांगले आहेत म्हणून.” तर मी लिहिलंय. तूही पाठवताना तसंच लिही, अक्षर जरा बरं काढ.

आज डॉक्टरीणबाईंचं टेबल नव्याने जोडायला घेतलंय. काल फळ्या पुन्हा रंधल्या. दादा मला म्हणाला, “तू वर जा, पत्र पुरं कर. गोंद मी लावतो.” म्हणून वर आले. खरं सांगायचं तर तो पुन्हा एकट्यानेच करायला बघणार, असं वाटत होतं. जोडणीच्या वेळी त्याने आजवर कुणाला जवळ येऊ दिलेलं नाही. अण्णासुद्धा अंगणात जाऊन उभे राहायचे. म्हणून लिहिताना माझा एक कान खालीच आहे. ब्रश थांबलाय. बराच वेळ झाला काही आवाज नाही.

हाक आली.

पुन्हा आली. मोठ्याने, चांगलं खणखणीत, “अगं ये ना लवकर, गोंद वाळतोय!” डोळे पुसून जाते, नाहीतर म्हणेल नाटकं करते.

तुझी
ताई