पर्लिसच्या फुलपाखराची मोकळी जागा

मी, फूंग योक लिन, कै. चान सुन ची यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा शिवणकाम, राहणार इपोह, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीवर असताना लिहून ठेवते. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे. डोक्याबद्दल ते काही बोललेले नाहीत. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा वेंग क्योंग यास द्यावी. घर विकलं तरी हरकत नाही, नाहीतरी तो विकणारच आहे. मात्र माझ्या टपाल तिकिटांच्या आल्बमची किंमत विचारत त्याने गावभर हिंडू नये. "आई, जुनी तिकिटं म्हणजे सोनं गं!" असं तो पर्थहून फोनवर सांगतो. अरे बाबा, पत्रांवरून कापलेली ही सरमिसळ तिकिटं किलोवर मिळतात. सोनं असतं तर मी जन्मभर शिलाई मशीन कशाला चालवलं असतं?

२. तिकिटं भिजवायचं घमेलं सूनबाई हुई शान हिला. मदत करायची म्हणून तिने नववर्षाच्या लाल पाकिटांचे तिकिटासकट कापलेले तुकडेही बाकीच्यांबरोबर पाण्यात टाकले. रंग सुटला आणि घमेलंभर तिकिटं गुलाबी झाली. वर म्हणते, "छान दिसतायत की, आई!" मी तिला माफ केलं आहे. घमेलं पाहून तिला ते आठवत राहावं, एवढंच.

३. चिमटे, भिंग आणि न निवडलेल्या तिकिटांची गोणी मैत्रीण रोकिया बिन्ती हाशिम हिला. लियॉन्गच्या कॉफीच्या दुकानातलं आमचं रविवारचं टेबल तिने पुढे चालवावं. नियम तेच. गोणी टेबलावर ओतायची, एकास एक बदल, दात तुटलेलं तिकीट चालणार नाही, आणि टोस्टच्या लोण्याने माखलेले हात आधी धुवायचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. आता कनगसबै, रेल्वेतले निवृत्त गार्ड. माझ्याकडे आपल्या देशातल्या सगळ्या राज्यांची फुलपाखरांची तिकिटं आहेत, एक पर्लिसचं सोडून. राज्य तळहाताएवढं, तिथून पत्रं लिहितो कोण! ते तिकीट यांच्याकडे आहे. दर रविवारी पाकिटातून काढून दाखवतात आणि परत ठेवतात. मी त्याच्या बदल्यात सयामची पानंच्या पानं देऊ केली, शिव्याही दिल्या.

"द्या की हो! चिंधीएवढं तिकीट, त्याचा केवढा माज!"

"नाही देत, जा. तुझा आल्बम भरला की तू घरी बसशील. मग मी भांडू कुणाशी? रोकिया तर ओरडतसुद्धा नाही."

असा हा चिक्कू माणूस. बायको गेल्यापासून आठवडाभर यांच्या घरी कुणी फिरकत नाही. रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन माझी खुर्ची पुसून ठेवतात. मागे मी इस्पितळात होते, तेव्हा टेबलावर आलेच नाहीत. रोकियाला म्हणाले, "ती नाही, तर मी तिथे काय माशा मारू?" मला त्यांची फार काळजी वाटते. म्हणून ही तजवीज.

आल्बम कनगसबैंना द्यावा, मोकळ्या जागेसकट. अट अशी की त्यांच्याकडचं पर्लिस त्यांनी माझ्या शवपेटीत ठेवावं. इतकी वर्षं तंगवलं, आता तरी द्या म्हणावं. मग दुसरं त्यांनी रविवारच्या टेबलावर येऊन, एकास एक बदलूनच मिळवावं. दुकानातून विकत घेतलेलं चालणार नाही.

पुढचं त्यांना वाचून दाखवू नये. टेबलावर कुणाला पर्लिसचं फुलपाखरू सापडलंच, तर गुपचूप गोणीच्या तळाशी सारावं.

५. साक्षीदारांबद्दल खुलासा. आज कनगसबैंनी सही करायचा हट्टच धरला. "एवढ्या वर्षांची ओळख, आणि साक्षीला कॉफीवाला?" वकील सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. हे यांना सांगितलं असतं तर सगळंच फुटलं असतं. मी म्हटलं, "तुमचं अक्षर गचाळ आहे." ते फुगून बाहेरच्या बाकावर बसले आहेत. माझी पिशवी त्यांच्याच मांडीवर आहे.

सही: फूंग योक लिन

आमच्यासमक्ष सही झाली:
लियॉन्ग काम फाट, कॉफी दुकानदार
दलजीत कौर, वकिलांच्या कारकून

स्थळ: लियॉन्गचं दुकान, इपोह
रविवार, दि. १० मार्च २०१९