आधी भांडी घासा

दि. ९ मार्च, सोमवार, सकाळ

चि. इंजिनिअरबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायला पेन टेकवलं होतं, उचललं. 'चि.' मात्र ठेवलं आहे. ते काढून घ्यायचा अधिकार कुठल्याही कोर्टाला नाही.

इकडे सगळं बरं आहे. गुडघा अधूनमधून रुसतो, मी त्याची समजूत काढत नाही. तुझी नोकरी ठीक असेल. भिंगरी दुसरीत गेली ना? पुढचे दात आले का? दोन वर्षांत तिचा एकच फोटो पाहिला, तोही आमच्या चिरंजीवांच्या फोनवर, आणि त्यात बाईसाहेब जीभ बाहेर काढून उभ्या आहेत. म्हणजे तब्येत उत्तम.

तू म्हणशील, पत्र कशाला, म्हातारीला फोन करता येत नाही? येतो. पण फोनवर मी हवापाण्याचं विचारीन, तू हवापाण्याचं सांगशील आणि दोघी ठेवून देऊ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांच्या लाइनी जोडल्या, पण स्वतः लाइनवर आले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून कागद.

मुख्य बातमी अशी की आपण ब्रॉडबँडची कंपनी बदलली. (बघ, 'आपण' लिहिलं. खोडत नाही.) जुनीची लाइन दर तिसऱ्या दिवशी मरायची. फोन केला की यंत्रातली बाई म्हणायची, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि अर्धा तास पिपाणी वाजवायची. मी कुणाला इतकं ताटकळत ठेवलं असतं तर सुपरवायझरबाईंनी माझे हेडफोन काढून घेतले असते. मी म्हटलं, बदला. चिरंजीव लगेच तयार झाले. एवढ्या लवकर तयार झाले तेव्हाच मला वास यायला हवा होता.

बुधवारी वायफायचा नवा डबा आला. लावायला आलेला माणूस पिकल्या मिश्यांचा, शांत स्वभावाचा. त्याने वायर ओढली आणि विचारलं, "नेटवर्कचं नाव काय ठेवायचं?" चिरंजीव म्हणाले, "डब्यावर छापलंय तेच राहू द्या. जुनं नाव काढायचंच आहे. आठ वर्षं सगळी गल्ली हसतेय आम्हाला."

जुनं नाव तुला सांगायला नको. तूच ठेवलंस. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, कोण जेवून ताट तसंच ठेवून उठतं यावरून तुमचं वाजलं होतं, आणि संध्याकाळी अख्ख्या गल्लीच्या फोनांत आमच्या घराचं नाव दिसायला लागलं, 'आधी भांडी घासा'. समोरचे दवाखान्यातले डॉक्टर मला विचारायचे, "काय, घासली का?" मी तेव्हा तुझ्यावर रागावल्याचं दाखवलं. खोलीत जाऊन पोट धरधरून हसले होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

तर मी मिशीवाल्याला विचारलं, "नाव बदललं तर घरातल्या बाकीच्या वस्तूंचं काय?"

"एकेक घेऊन नव्याने जोडावी लागेल, आजी. टीव्ही, प्रिंटर, दारावरची घंटा, दिवे, धुण्याचं मशीन, सगळं."

"आणि नव्या डब्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर?"

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "मग काहीच करायला नको. त्यांना वाटेल, आपलाच जुना डबा आहे. आपोआप जोडल्या जातील. अक्षर न् अक्षर तेच हवं फक्त, लहान-मोठं धरून. पासवर्ड आहे का कुठे लिहिलेला?"

चिरंजीव म्हणाले, "कुणाला आठवतोय?" मी म्हटलं, "मला." कसा नाही आठवणार? पासवर्ड ठरवताना तू मला विचारलं होतंस, आई, एक्स्चेंजमध्ये फोन उचलला की काय म्हणायचात? तेच तू टाकलंस, पहिलं अक्षर मोठं. माझ्या सबंध नोकरीत एवढा मान कुणी दिला नव्हता. निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही मागे पडतं.

"आई, नाव बदलायचंय," चिरंजीव परत म्हणाले. मी म्हटलं, "कनेक्शन माझ्या नावावर आहे. लाव बाबा जुनंच." आणि त्यांच्या नाकावर टिच्चून लावून घेतलं. प्रिंटर आणि बोळातला दिवा जुन्या चालीचे, त्यांना डब्याची जुनी लहरच कळते, म्हणून मिशीवाल्याने तीही चालू ठेवली. भला माणूस. वरच्या खोलीत, चिरंजीवांच्या टेबलाशी डबा ठेवायला निघाला होता, तो मी खाली आणवून पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. तो म्हणाला, "आजी, इथून अर्धा सिग्नल रस्त्यावर जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे."

एवढा हट्ट वस्तू जोडायला त्रास पडतो म्हणून केला, असं मी चिरंजीवांना सांगितलं. तुलाही तेच सांगणार होते. पण खोटं सांगायला तीन कागद कशाला खर्च करायचे?

घरात काय काय जोडलेलं आहे त्याची यादी फोनवर बघायला तू मला शिकवलं होतंस. मी रोज बघते. एक्स्चेंजची सवय, कोण लाइनवर आहे ते कळलं की बरं वाटतं. जानेवारीत एका गुरुवारी चार वाजता बघितलं तर घंटा, टीव्ही, प्रिंटर, आणि त्याखाली 'भिंगरीचा टॅब'.

मी चष्मा पुसला. परत बघितलं. मग खिडकीशी गेले. पलीकडच्या कडेला, दवाखान्याच्या भिंतीला लागून तुझी गाडी. तू फोनवर बोलत होतीस. मागे ती, मान खाली घालून. पंचवीस मिनिटांनी गाडी गेली आणि यादीतलं नावही गेलं.

नंतरचे गुरुवारही तसेच. मागच्या रस्त्यावर पोहण्याचा तलाव आहे, तिथे तिचा वर्ग असणार. वेळ काढायला थांबत असाल, आणि कार्टी कार्टून बघत असेल. आमच्या नेटवर फुकट! बघू दे. तू मुद्दाम थांबतेस की सावली बरी म्हणून थांबतेस, ते मला माहीत नाही. विचारतही नाही. पण तो टॅब दोन वर्षांनी दारावरून गेला आणि या घराला ओळखून आपला आपण जोडला गेला. नाव बदललं असतं तर नसता गेला. म्हणून हट्ट.

आता माझी फजिती ऐक. नवा डबा लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी उठून बघते तर काहीच चालेना. टीव्ही म्हणतो, जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही. घंटा मुकी. चिरंजीव जिन्यावरून म्हणाले, "सांगितलं होतं! जुन्या नावाचा घोळ आहे. आज दुपारी पुसून टाकतो सगळं." मी म्हटलं, "हात लावशील तर बघ!" म्हटलं खरं, पण डोळा घड्याळावर होता. चारच्या आत सुरू व्हायला हवं होतं.

बारापर्यंत मी त्या डब्याकडे बघत बसले. मग दाराजवळच्या फळीकडे लक्ष गेलं. जुना डबा! हिरवा दिवा लावून मजेत बसलेला. आमच्या एक्स्चेंजचा नियम होता, पलीकडून "ऐकू येतंय" असं आल्याशिवाय जुनी जोडणी ओढायची नाही. त्या सवयीने मी त्याची पिन काढलीच नव्हती. त्याची बाहेरची लाइन कंपनीने कापली होती, पण नाव तेच, पासवर्ड तोच. घरातली सगळी मंडळी ओळखीची जागा म्हणून त्याच्याकडेच जाऊन बसली होती. एका नंबरवर दोन ऑपरेटर, आणि त्यातली एक बहिरी. मी पिन ओढली. दोन मिनिटांत घंटा वाजली, टीव्ही बोलायला लागला, बोळातला दिवा लागला. जीव भांड्यात पडला.

चार वाजून पाच मिनिटांनी यादीत भिंगरीचा टॅब. मी मोठ्याने "आली!" म्हणाले असेन, कारण चिरंजीव पाणी प्यायला खाली आले होते ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. फोन बघितला. खिडकीतून गाडी बघितली. त्यांचा चेहरा एवढासा झाला, मग एकदम लाल.

"किती दिवस चाललंय हे? ब्लॉक कर तो टॅब."

"नाही करणार."

"आई, तिचा आता आपल्याशी काही संबंध नाही."

"तुझा नसेल. माझा आहे. आणि पोरगी तुझी आहे ना रे? महिन्यातून एकदा बागेत भेटतोस तेवढीच?"

"मी सांगितलं होतं तिला, बाहेर पडलीस तर परत या घरात यायचं नाही."

"घर कुणाचं आहे?" मी विचारलं.

असं मी त्याला उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. तो तडक वर गेला, दार आपटलं. आपटू दे, दार सागवानी आहे. दोन दिवस बोलला नाही. शनिवारी जेवून उठला आणि ताट घेऊन मोरीत गेला, स्वतः घासलं.  तू त्यावरून काही समजू नकोस, मीही समजत नाही. तुमचं तुटलं ते तुटलं, ते सांधायला हे पत्र नाही.

पत्र कशाला आहे ते लिहायचं तर बाकी सगळं लिहून झालं आणि आता टाळायला काही उरलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी तो हेच वाक्य बोलला, परत या घरात यायचं नाही. तू दारात उभी होतीस, भिंगरी कडेवर, बॅग पायाशी. तू त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. "आई?" एवढंच म्हणालीस. मला चांगलं ऐकू आलं. लाइन एकदम साफ होती. आणि मी स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी होती गं. पुसून ठेवलेली काढली आणि परत घासली, गाडीचा आवाज जाईपर्यंत. लोकांच्या दोन हजार लाइनी जोडणारी बाई, आणि माझ्याच घरात हाक आली तेव्हा मी प्लग ओढला. घर माझं, दार माझं, एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. मुलगा तुटेल म्हणून घाबरले. त्याला आईपण म्हणतात असं मी स्वतःला सांगितलं. तो शुद्ध भेकडपणा होता.

आणि आता जानेवारीपासून पडद्याआड उभी राहून गाड्या बघते, तेही तेच. गुरुवारी त्याला बोलले, पण तेव्हाही फाटकापर्यंत पाय गेले नाहीत. वाटलं, तू काच वर करून निघून गेलीस तर?

माफी मागून मी मोकळी होणार नाही, म्हणून मागत नाही. तू द्यावीस असंही नाही. फक्त ते वाक्य दोन वर्षं उशिरा लिहून देते, जपून ठेव, कुणी अडवलं तर दाखव: हे घर माझं आहे, आणि तू आणि भिंगरी यात केव्हाही, कितीही वेळा, न विचारता यायचं.

येत्या गुरुवारी चार वाजता मी पडद्यामागे नसेन. फाटक उघडं ठेवून पायरीवर बसणार आहे, गुडघ्याने कितीही कटकट केली तरी. चिरंजीवांना सांगून ठेवलं आहे. त्यांना घरात थांबायचं असेल तर थांबतील, नाहीतर रस्ता मोकळा आहे. तुला उतरायचं नसेल तर नको उतरू, गाडीतून नुसता हात केलास तरी मी बसून राहीन, आणि पुढच्या गुरुवारीही बसेन. भिंगरीला सांग, गाडीत मान मोडून कार्टून बघायची गरज नाही, आतला टीव्ही मोठा आहे.

नाव तेच आहे. पासवर्डही तोच. तुम्हा दोघींना नव्याने काही करावं लागणार नाही.

तुझी, कुणी काहीही म्हणो, सासू,
ऑपरेटर नंबर अकरा.
लाइन चालू आहे. बोला.