दीड मीटर पाण्यासाठी कॅमेरा

मंगळवार, ४ मार्च

ही आज तलावावरून आली ती ओला टॉवेल मांडीवर घेऊन तशीच बसली. टॉवेल वाळत न घालणं म्हणजे आमच्या घरात दुखवटा!

"काय झालं?"
"काही नाही."

हे "काही नाही" मी पंचवीस वर्षं ओळखतो. पुन्हा विचारलं, तेव्हा निघालं — "मास्तर म्हणाले, ताई, तुम्ही दर वेळी सगळ्यांच्या अर्धा क्षण आधी असता. कार्यक्रमापर्यंत सुधारलं नाही तर काठावर बसायचं." कार्यक्रम तेवीसला.

आठ बायका, सगळ्या पन्नाशीच्या आगेमागे. दोन वर्षं झाली, पोहण्याच्या तलावात गाण्यावर फुलं आणि चक्रं करतात. मास्तर निवृत्त कवायत-शिक्षक. ते काठावरून शिट्टी मारतात, त्या शिट्टीवर पाय बदलायचे. घरात मी त्यांना शिट्टीमास्तर म्हणतो. घरातच. ही रांगेत शेवटची — आठवी.

"चष्मा नसला की मला स्वतःच्या हातापलीकडचं दिसत नाही हो. खालून एकदा बघायला मिळालं असतं, तर नेमकं कुठे चुकतंय ते तरी कळलं असतं."

"मग काढू की फोटो! पाण्याखालून!" — मी. बोलून गेलो.

पाण्याला संस्कृतात डझनभर शब्द मला तोंडपाठ आहेत. त्यांतल्या एकातही आजवर डोकं घातलेलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

कॅमेऱ्याच्या दुकानात. दुकानदारबाई माझ्याच वयाच्या, आणि माझ्याहून कोरड्या.

"किती खोल जाणार?"
"दीड मीटर."
"कॅमेरा नव्हे. तुम्ही."
मी खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

बाईंनी काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. एक मुळातच जलरोधक, लठ्ठ, लहान मुलांच्या खेळण्यासारखा. दुसरा सडपातळ, देखणा, चित्र सुरेख. पण त्याला पाण्यात उतरायला पारदर्शक पेटी लागते. पेटीच्या कडेला रबरी कडं, त्यावर बोटाने ग्रीस लावायचं. माझं मन अर्थातच देखण्यावर गेलं. पेटीत बसलेला तो मूर्तीसारखा दिसत होता.

फ्लॅश लावू नका, म्हणाल्या. पाण्यातला कचरा उजळतो आणि बर्फ पडल्यासारखं दिसतं. पाण्यात सगळं असतं त्याहून जवळ भासतं, म्हणून रुंद दिसणारी लेन्स हवी. मी वहीत उतरवून घेतलं. तीस वर्षं वार्ताहर आहे, ऐकलं की लिहितोच.

"दोन्ही न्या, घरी करून बघा. परत आणाल तेव्हा कोरडे आणा."

शनिवार, ८ मार्च

पेटीची परीक्षा. रीत अशी — कॅमेरा न घालता आत कागदी रुमाल ठेवायचा, पेटी बादलीत दाबून धरायची. वीस मिनिटं धरली. ही दोनदा न्हाणीघराच्या दारापर्यंत येऊन निमूट परत गेली.

रुमाल ओला! कड्यावर एक केस अडकला होता. पांढरा. माझ्या मिशीचा! एवढ्या केसाने पाण्याला वाट करून दिली.

लेक म्हणाली, "बाबा, मिशी काढा नाहीतर कॅमेरा बदला."

मिशी राहते.

रविवार, ९ मार्च

आता वेगाची परीक्षा. बादलीत वरून लिंबू टाकायचं आणि ते पाण्यात शिरताना टिपायचं. लिंबू टाकायला लेक, टिपायला मी. देखणा कॅमेरा विचारात पडतो! बटण दाबल्यावर तो आधी चिंतन करतो आणि मग फोटो काढतो, तोवर लिंबू तळाशी. अकरा फोटो, अकरांत नुसते तरंग. (आमच्या संपादकांची आठवण झाली.) लठ्ठ्याने मात्र तिसऱ्याच वेळी धरलं — लिंबू, भोवती बुडबुड्यांची झालर! शिवाय बटण एवढं मोठं की ओल्या बोटालाही सापडावं.

हिची चूक अर्ध्या क्षणाची. ती पकडायची तर चिंतनशील मंडळी कामाची नाहीत. ठरलं. लठ्ठ्या.

मंगळवार, ११ मार्च

हिला ताप. तलावावर गेली नाही. संध्याकाळी हिच्या गटातल्या बँकवालीचा फोन — "वहिनी कशा आहेत? आज आमचा नुसता गोंधळ! दंतवैद्यीणबाईंची टाच माझ्या नाकावर. दोघी जावा एकमेकींच्या अंगावर." त्या जावा जमिनीवर एकमेकींशी बोलत नाहीत. मास्तरांचं निदान — पाणी फार गार होतं.

शुक्रवार, १४ मार्च

जलप्रवेशाचा अभ्यास. तूर्त बादलीत. डोळे मिटून, श्वास रोखून तोंड बुडवायचं आणि मनात अनुष्टुभ श्लोक म्हणायचा. आज अर्ध्या श्लोकावर वर आलो, नाकातून पाणी. लेक बाहेरून — "बाबा, चाल लावून म्हणा!"

रविवार, १६ मार्च

एक अख्खा श्लोक! सावकाश म्हटलेला!!

सोमवार, १७ मार्च

डोळे उघडून दोन. बादलीचा तळ निळा आहे, हे आज कळलं. घरात नऊ वर्षं आहे ती.

गुरुवार, २० मार्च

उतरलो. कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात लठ्ठ्या. सात जणी हसल्या. ही हसली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "नको वाटलं तर राहू दे हं." मग तर गेलोच!

खाली काय शांतता. वर गाणं चाललेलं, पण खाली फक्त माझा ठोका. हिरवट उजेडात सोळा पाय. बटण दाबत सुटलो. दोन श्लोकांनी वर. पुन्हा खाली. असं नऊ वेळा.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "आज शिट्टी जोरात मारली. ताईंसाठी मुद्दाम."

कुठली शिट्टी? मला तर एकही ऐकू आली नाही.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी लेकीच्या संगणकावर फोटो पाहिले. "हे बोट तुमचं. हेही तुमचं. बाबा, ह्यात तुमचं बोट चांगलं आलंय."

सतरावा फोटो. सात टोप्या, सातही एकाच बाजूला वळलेल्या. सात जणींची नजर आठवीवर. आठवीचा उजवा हात मांडीलगत, तीन बोटं उघडी. पुढच्या फोटोत चार बोटं, आणि हिचे पाय निघालेले. त्याच्या पुढच्यात सगळ्यांचे!

हिने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकली.
"ह्या बघतायत काय?"
"तुला."
"मला कशाला?"
हिने पडद्यावरच्या त्या तीन बोटांवर बोट ठेवलं. मग — "अहो, मला खाली शिट्टी ऐकूच येत नाही. पहिल्यापासून. म्हणून मोजते बोटांवर, पेशंटची नाडी मोजते तशी." (सव्वीस वर्षं परिचारिका आहे ही.)
"मग बोलली का नाहीस?"
"बाकीच्यांना येते ना ऐकू! मीच एकटी बहिरी ठरले असते."

म्हणजे ही आधी नसते. बाकीच्या हिच्या मागे असतात! काठावरून दोन्ही एकसारखंच दिसतं. मीही तीस वर्षं काठावरूनच बातम्या देतोय. हे मी फक्त इथे लिहितो.

शनिवार, २२ मार्च

तलावाच्या पायऱ्यांवर फोटो हातोहात फिरला. मग बँकवाली — "मला वाटायचं मी एकटीच कॉपी करते!" दंतवैद्यीणबाई — "मी तर गेल्या वर्षी कान तपासून घेतले." दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "तूसुद्धा?" आणि दोघी हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

मास्तर फोटो हातात धरून उभे. शिट्टी ओठांत, न वाजवलेली.
"म्हणजे दोन वर्षं मी कोणासाठी वाजवत होतो?"
मग हीच म्हणाली, "मास्तर, तुम्ही काठावर असता म्हणून तर आम्ही पाण्यात उतरतो."
त्यांनी शिट्टी ओठांतून काढून सदऱ्याला पुसली. म्हणाले, "ताई, उद्या शेवटी नको. मधे या. तुम्ही आधी उमला. सातही जणी तुमच्या मागून."

ओला टॉवेल आज घरी येताच वाळत पडला. चिमटे लावून.

रविवार, २३ मार्च

शिट्टी वाजली नाही. मास्तरांनी ती सकाळीच माझ्या गळ्यात घातली — "तुम्ही खाली असता, तिथे कोणाला ऐकू जात नाही." खालून पाहिलं — मधे ही, बोटं उघडत गेलेली, आणि भोवती सात पाकळ्या. फोटो एकच काढला. मग लठ्ठ्या गळ्यात शिट्टीशेजारी सोडून दिला आणि नुसता बघत राहिलो. किती श्लोक झाले, कोण जाणे. म्हणायचेच राहून गेले.