न मारलेला हातोडा

दि. ९ मार्च, रविवार

मास्तर यांस,

नमस्कार. साष्टांग नाही, नुसताच. तब्येत बरी असेल. माझी बरी आहे. इथली हवा खारट, कपडे वाळता वाळत नाहीत, बाकी ठीक. झाली विचारपूस.

फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि ठेवून देता. कागदाला बरं म्हणून भागत नाही. अक्षर सातवीत शाळा सोडली तेव्हा होतं तिथंच आहे, लावून वाचा.

तुमच्या वेल्डिंग शिकवायच्या केंद्राचं कार्ड आईकडे आलं. तिनं शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं आणि मला फोनवर रडत रडत सांगितलं. शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा कौतुक सोहळा आहे, मास्तरांचा सत्कार आहे, आणि कार्डावर तुझा फोटो आहे रे. मी म्हटलं पाठव बघू. बघतो तर खरंच मी. तोंडापुढे वेल्डिंगची काच, त्यामुळे चेहरा दिसत नाही, पण डाव्या बुटानं वासलेला आ माझाच. खाली छापलंय, "आमचा यशस्वी विद्यार्थी".

मास्तर, तुम्हाला काहीच वाटलं नाही? इस्त्रीसाहेबांचं मी विचारत नाही. संचालक माणूस, शर्टाला चुणी पडली तरच त्यांना वाटतं. तुम्हाला विचारतोय.

परवा ऑफिसातल्या बाईंचाही फोन आला. मी स्टेजवर येऊन तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे म्हणे. शब्दही त्यांनीच लिहून ठेवलेत. "या केंद्राने मला घडवले." मी म्हटलं, बाई, मला केंद्राने घडवलं नाही, हाकललं. तर त्या म्हणाल्या, अरे, झालं गेलं विसरायचं असतं, आता बघ किती छान नोकरी आहे तुला. जसं काही नोकरी त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती.

तुमचा सत्कार होणार ही गोष्ट मात्र मला पटते. आडव्यातिडव्या पोरांना सरळ रेघ मारायला तुम्ही शिकवलंत. पण तुम्हाला कौतुक करता येत नाही ते नाहीच. प्रत्येकानं वेल्डिंग केलेला जोड व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचा आणि वर हातोडा घालायचा. तुटला की भंगाराच्या ड्रममध्ये, आणि "पुन्हा". नाही तुटला तर एक अक्षर बोलायचं नाही, गुपचूप उचलून खिडकीवरच्या फळीवर ठेवायचा. आम्ही पोरं त्या गप्प बसण्यासाठी मरत होतो. कुणाचा जोड फळीवर गेला की तो दिवसभर मान ताठ करून फिरायचा, लग्न ठरल्यासारखा.

माझा एकही गेला नव्हता. सगळे ड्रममध्ये. मला हाकललं त्या दिवशी मात्र मला आतून माहीत होतं की हा जाणार. जोडावरची जळकी खपली काढली तर खाली लहरी कशा एकसारख्या, माशाच्या खवल्यांसारख्या. तुम्ही व्हाइस आवळलात, हातोडा उचललात, आणि दारात इस्त्रीसाहेब पाहुण्यांना घेऊन उभे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुमच्या तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही. मला कोरा एप्रन घातला, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. हातात रॉड धरायचा होल्डर दिला. मशीन बंद. वायर भिंतीला टांगलेली. साहेब म्हणाले, काम करतोय असं दाखव. फोटो निघाला. मग त्या पाहुण्या बाईंनी मला प्रेमानं विचारलं, काय शिकलास बाळा? मी काच वर केली आणि म्हटलं, "बंद मशीनवर उभं राहायला."

पोरं हसली. एक पाहुणाही हसला. साहेब हसले नाहीत. पाहुणे गाडीत बसायच्या आत मला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चष्मा पुसत होतात. पुसून पुसून झिजला असेल तो.

मास्तर, तुमचं गप्प बसणं मला एकाच अर्थानं माहीत होतं. त्या दिवशीचं कुठलं होतं, हे मी अजून विचारतोय. एप्रन काढून टाकला, आणि व्हाइसमधल्या माझ्या जोडावर हातोडा पडायचा राहिला तो राहिलाच.

मग मी इकडे गोदीत आलो, कुठे चाललोय ते निघताना पोरांना सांगून. जहाजांच्या पोटात शिरून गंजलेले पत्रे बदलतो. सर्टिफिकेट नसताना कसं घेतलं, तर म्हटलं नशीब. सगळ्यांना तेच सांगितलं, आईलासुद्धा. तुम्हालाही तेवढंच लिहून पत्र संपवणार होतो.

पण गुरुवारी त्या कार्डापायी फोरमनकडे रजेचं विचारायला गेलो. आम्ही त्याला भोंगा म्हणतो, हळू बोलला तरी धक्क्यावर ऐकू जातं. त्यानं फोटो बघितला, आणि पोट धरधरून हसला. "ह्याच मास्तरच्या हाताखाली मी शिकलो. त्यानंच फोन केला होता मला. म्हणाला, पोरगा येईल, तोंड वाईट आहे, हात चांगला आहे. तोंडाकडे बघू नकोस."

अख्ख्या धक्क्यानं ऐकलं. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला. नाही झाला. मला असा राग आला की जेवण गेलं नाही. एवढं धड वाक्य तुमच्याजवळ होतं तर ते तुम्ही दूरच्या माणसाला फोनवर चोरून का सांगितलंत? तिथं चार पावलांवर साहेब उभे होते. त्यांना सांगायचं होतं. निदान मला. मी वर्षानुवर्षं तुम्हाला शिव्या घालत रॉड जाळले, आणि ज्या कामावर उभा राहून घातल्या ते काम तुम्हीच दिलेलं. शिव्यासुद्धा फुकट घालवल्यात माझ्या. उपकार करायचे तर उजेडात करावेत. अंधारात केलेला उपकार पायात येतो माणसाच्या.

तुम्ही बोलत नाही म्हणून आम्ही तुम्हाला कडक समजायचो. तुम्ही साहेबांना घाबरत होतात. घाबरा, हरकत नाही, घर सगळ्यांना आहे. पण मग तुमच्याबद्दल मी न घाबरता चार शब्द बोलावेत ही अपेक्षा कशी?

तेव्हा ऐका. बाईंनी लिहिलेलं मी वाचणार नाही. स्टेजवर तो व्हाइस आणायला सांगा. माझा जोड फळीवर असेल, ड्रममध्ये असेल, तुमच्याकडे असेल, असला तर आणा. माईकवर तुम्ही स्वतः सांगा की हा फोटो बंद मशीनचा आहे, ह्या पोराला खरं बोलल्याबद्दल हाकललं, आणि मी चष्मा पुसत होतो. मग सगळ्यांसमोर हातोडा घाला. तुटला तर माझा फोटो कार्डावरून काढा, मी काही बोलणार नाही. नाही तुटला, तरी यावेळी गप्प बसू नका.

आणि जोड फेकून दिला असेल तर तसं दोन ओळीत कळवा. "बरं" लिहू नका.

भोंग्यानं रजा दिली आहे. तिकीट काढलेलं नाही.

आईला यातलं सांगू नका, ती सोहळ्यासाठी ठेवणीतली साडी कपाटातून बाहेर काढून बसली आहे.

तोंड वाईट,
हात तुम्ही म्हणता तसा,
कार्डावरचा