कंसात बसलेला स्वेटर

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल. फक्त ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यामागोमाग हे. तुझा खोकला कसा आहे? (गळ्याशी लोकर असती तर झालाच नसता. पण ते पुढे येईलच.)

गेल्या पत्रात तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, ताई, तुझ्या पत्रात कंस फार. दोन, यापुढे माझ्यासाठी स्वेटर विणू नकोस, मागच्यात माझ्यासकट अख्खा वर्ग मावला असता. गणिताच्या मास्तराने थोरल्या बहिणीला असं लिहावं? (लिहावं. तो खरंच घेरदार झाला होता.) पण फार लागलं रे मला. तुझ्या अंगावर माझ्या हातचं काहीतरी असावं, एवढंच तर मागणं आहे. तेव्हा ठरवलं, अंदाजपंचे विणणं बंद. तू दिलेला जुना लॅपटॉप पुसला आणि एक्सेल उघडलं.

पहिल्या चौकटीत छाती, अडतीस इंच (ह्यांची, तू माप देतोस कुठे?), दुसरीत सैलपणा दोन इंच, तिसरीत इंचाला पाच टाके. खाली लिहिलं, छातीची चौकट अधिक सैलपणाची चौकट गुणिले टाक्यांची चौकट. यंत्राने माझंच लिहिलेलं जसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं. मग आठवलं, सुरुवातीला बरोबरचं चिन्ह द्यायचं असतं. दिलं. उत्तर आलं अठ्ठेचाळीस. मनात पाल चुकचुकली, पण यंत्र चुकत नाही असं तूच सांगितलेलं, म्हणून मुकाट्याने सुया हातात घेतल्या. वीतभर विणून झाल्यावर हे शांतपणे म्हणाले, "हा माझा, की थर्मासचा?" (थर्मासला छान बसला. चहा आता दुपारपर्यंत गरम राहतो.)

रागारागाने भांडी घासत होते, तेवढ्यात लहानपणचा तू आठवलास, घरभर "कंचेभागुबेव, कंचेभागुबेव" घोकत फिरणारा. आधी कंस! मी कंस दिलाच नव्हता, म्हणून यंत्राने नुसत्या सैलपणाला पाचाने गुणलं आणि ह्यांची छाती वरून मिळवून टाकली. ओल्या हातांनी धावले. छाती आणि सैलपणा एका कंसात घातले आणि मग टाक्यांनी गुणले. दोनशे! ह्यांनी ते कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, मग कागदावर, मग कुठे मान डोलावली. तर ऐका मास्तर, ज्या कंसांना तुम्ही नावं ठेवलीत, त्यांच्यावाचून तुमच्या यंत्राचंही पान हलत नाही! स्वेटर तयार आहे. काखेत ओढत नाही, पोटावर लोंबत नाही. आता तो घालून शाळेत जायचं, आणि ताईने विणलाय असं सगळ्यांना मोठ्याने सांगायचं.

तुझी,
गणितात पास झालेली ताई

ता. क. स्वेटर पाठवता येत नाही. हे तो झोपतानासुद्धा अंगातून काढत नाहीत. पण नवी लोकर आणली आहे, आणि पहिल्या चौकटीतला एक आकडा बदलला की खालचं उत्तर आपोआप बदलतं, हे आता मला कळलंय.

ता. क. २. तेव्हा छातीचं माप कळव, श्वास रोखून न घेतलेलं. पोटाचंही हवं आहे. लाज वाटत असेल तर कंसात लिही.