शिवणीचं डावं टोक

विहीणबाई,

दोन्ही हात जोडून नमस्कार करणार होते, पण एका हातात तुमची नात आहे. निम्मा नमस्कार आत्ता घ्या, उरलेला ती झोपली की पोचता करते. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा खोकला गेला, की अजून घरात भाडेकरू होऊन राहिलाय? इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. किती खुशाल ते पुढे कळेलच. पण एक आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ध्यात कागद टाकून तुमची धावाधाव नको: तुमची लेक आता बरी आहे. 'आता' या शब्दापाशी अडखळू नका, सरळ पुढे या.

पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. बारा दिवसांत मी तुम्हाला अठरा फोन केले आणि माझा आवाज ऐकला की तुमच्याकडची लाइन जाते. कागदाची लाइन जात नाही. फाडता येतो, पण तुम्ही आलेल्या पाकिटाची पाठसुद्धा लिहायला वापरणाऱ्या बाई, वाचल्याशिवाय फाडणार नाही हे मला माहीत आहे. माझी शाळा तिसरीतच आटोपली, त्यामुळे अक्षर उंटाच्या पिल्लासारखं आहे, सांभाळून घ्या. आमचा चिरंजीव (म्हणजे तुमचे जावईबापू) म्हणाला, तू सांग, मी लिहितो. मी नको म्हटलं. सांडलं मी, तर पुसायला त्याचा हात कशाला?

तर काय सांडलं ते. तुम्हाला ते शब्द पाठ असतील, तरी माझ्या हाताने लिहिते, म्हणजे पुढे मागे 'मी तसं म्हणालेच नव्हते' असं म्हणायची सोय मला राहायला नको. पोर झाली त्या दिवशी दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून मी तुम्हाला फोन लावला आणि म्हणाले, "कळा नाहीत, काही नाही. आपली झोपून राहिली आणि पेटी उघडून काढल्यासारखं पोर काढून दिलं. याला काय बाळंतपण म्हणायचं?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुमची बॅग भरून दारात ठेवलेली होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही म्हणालात, मग तुमच्या त्या पेटीला कुलूपही तुम्हीच लावा, माझं तिथे काय काम, आणि फोन ठेवलात. (उत्तर चांगलं होतं. माझ्यावर आलं नसतं तर मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरले असते.)

आता जे तुम्हाला माहीत नाही ते सांगते. त्या कॉरिडॉरला लागून जी खोली होती, तिचं दार उघडं होतं. आत तुमची लेक होती. मी एकतीस वर्षं गोदामात पोती आणि ताडपत्र्या शिवल्या, शेजारी पोती दाबायचं मशीन दिवसभर धडधडायचं, तिथे हळू बोलणारी बाई उपाशी मरते. मला कुजबुजता येत नाही. मी कानात सांगितलेलं गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. तेव्हा ती पेटीची गोष्ट तिने शब्दन् शब्द ऐकली, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुमची मुलगी गप्प बसणारी आहे हे मी चार वर्षं गुण म्हणून मिरवत होते. गप्प बसणारं माणूस घरात असलं की घरच्यांनी डोळे जास्त उघडे ठेवायचे असतात, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी तिला उठवून उभं केलं. (नर्सबाई म्हणजे एक किडकिडीत मुलगी, पण आवाज असा की मी सुद्धा उभी राहिले.) मला वाटलं, उठायला काय लागतं? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. कुशीवर वळायला दोन मिनिटं, पाय खाली सोडायला दोन, आणि बसल्याची उभी राहायला तीन. पोटाशी उशी घट्ट धरलेली, चेहरा चुन्यासारखा, दात ओठावर. मग बारा पावलं बाथरूमपर्यंत आणि बारा परत. मी मनात म्हटलं, नाटकं. आता लिहून टाकते, कारण एकदा कबूल करायला बसलं की किरकोळ माल मागे ठेवू नये.

चौथ्या दिवशी घरी आलो आणि मी पाहते तो काय, ही बाई फिरायला लागली. केर काढते, कपडे घडी करते, भांडी जागेवर लावते. तोंडाने एकदाही आई गं नाही. मी शेजारणीला सांगितलं, बघा, म्हटलं होतं ना, यात काही नसतं. शेजारीण तशी भोळी, तिने मान हलवली. (तिला तीन आहेत, तिन्ही पोट कापून. मान का हलवली, कोण जाणे. मला घाबरते बहुतेक.)

आठव्या दिवशी आंघोळीच्या खोलीतून हाक आली. हाक कसली, नुसतं विचारल्यासारखं, "आई, आहात का?" गेले तर ती स्टुलावर बसलेली, गाऊन गुडघ्यावर, आणि खाली स्वतःच्या पायांकडे असं बघतेय जसे ते दुसऱ्या गावाला राहतात. वाकता येत नव्हतं. आठ दिवसांत पाय धुतलेच नव्हते, नुसतं पाणी ओतायची आणि सांगायची नाही. मी पदर खोचला आणि फरशीवर बसले. पाय धुतले, पुसले, तिला उभं केलं, आणि टॉवेल आवरता आवरता तिची शिवण माझ्या नाकासमोर आली.

विहीणबाई, मी शिवणी पाहिल्यात. धावदोरा पाहिलाय, उलटटीप पाहिलीय, दाभणाने ओढलेली सुतळी इतकी पाहिलीय की बोटांना अजून तिचे वळ आहेत. पण अशी शिवण मी जन्मात पाहिली नव्हती. पोटाच्या तळाशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत माझी वीत भरेल एवढी रेघ, आणि वरून एक टाका दिसेना! दोरा सगळा आतून फिरवलेला. ताडपत्रीला मी असा टाका घालू शकले असते तर मुकादमाने मला खुर्ची दिली असती. आणि ते ताडपत्रीवर नव्हे, जित्या माणसावर, जे टक्क जागं होतं. हो, जागी होती ती. मला वाटायचं, सुई देऊन झोपवतात. ती म्हणाली, कमरेखाली बधिर होते, पण सगळं कळत होतं, कुणीतरी पोटात हात घालून ट्रंकेच्या तळाशी पडलेलं कानातलं शोधावं तसं. वर दोघं डॉक्टर पावसात गळणाऱ्या कुणाच्या तरी छपराबद्दल बोलत होते आणि ही आढ्याकडे बघत पोर रडायची वाट पाहत होती. ती म्हणाली, रडायला उशीर झाला, तेवढा वेळ मी मोजत होते. कितीपर्यंत मोजलं ते मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत होत नाही हे वाक्य मी बहात्तर वर्षांत पहिल्यांदा लिहितेय.

पण शिवणारणीची नजर वाईट असते, आधी चुकीवरच जाते. शिवणीचं डावं टोक मला आवडलं नाही. लालसर, चकचकीत, आणि जराशी चुणी. पोत्यावर जास्तीचा भार आला की मधे काही होत नाही, पोतं पहिल्यांदा कोपऱ्यात बोलतं. मी हात लावला तर कढत. गाऊनला आतून डाग. मी विचारलं, काय उचललंस? म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, खोटं सांगू नकोस, पोतं माझ्याशी कधी खोटं बोललेलं नाही. तेव्हा म्हणाली, बादली. रोज, भरलेली, दोन दिवसांपासून. आणि ताप कालपासून. मी म्हटलं, अगं, पण का?

ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना आई, मला काही झालेलंच नाही."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाला माझ्याकडे एकतीस वर्षांचा साठा आहे. अशी म्हणाली जसं कुणी दुकानातून आणायची यादी वाचतं.

तिथून दवाखाना. मी रिक्षात पुढे बसून रिक्षावाल्याला प्रत्येक खड्डा आधी सांगत होते, शेवटी तो म्हणाला, आजी, तुम्हीच चालवा. डॉक्टरीणबाई म्हणजे एवढीशी पोर, हात माझ्या मुठीत मावतील एवढे. तिने डावं टोक बोटाच्या पेराएवढं उघडलं, आत पू धरला होता तो काढला, धुतलं, भरलं, औषधं दिली. म्हणाली, आणखी दोन दिवस काढले असते तर आत उतरलं असतं, मग मोठं काम होतं. मग मला विचारलं, तुमच्या कसं लक्षात आलं? मी म्हटलं, बाई, हा धंदा आहे माझा, फक्त माझा माल ओरडत नाही.

मग मी विचारून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ट्रॉलीवरच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि मला दाखवलं. सात थर, विहीणबाई. कातडी, चरबी, खाली एक चिवट पापुद्रा, मग स्नायू (ते कापत नाहीत, पडदे सारावे तसे हाताने बाजूला सारतात), पुन्हा एक पातळ पापुद्रा, मग लघवीची पिशवी खाली ढकलायची, आणि मग ती मूळ पिशवी. एवढं उघडायचं, पोर काढायचं आणि परत आतून बाहेर येत एकेक थर बंद करायचा. गाठ कशी मारता विचारलं तर तिने दोऱ्याला दुहेरी फेरा देऊन दाखवला. मी बघत राहिले. तीच गाठ. मी पोत्याच्या तोंडाला एकतीस वर्षं जी मारली, ती. मला वाटायचं, ती गोदामातल्या अडाणी बायकांनी शोधून काढलीय. मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, शक्य आहे, आजी. पोरीला वळण चांगलं आहे.

मग तिने सांगितलं की आपल्या नातीच्या गळ्याला नाळेचे दोन फेरे होते आणि काळजाचे ठोके मंदावत चालले होते. कळांची वाट बघत बसलो असतो तर पोर हाती लागली नसती. मी उठले आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, माझ्या दोन पोरांच्या मधे आणखी एक होता. तीन दिवस कळा दिल्या मी, पूर्ण, मापाच्या, कुणी खोट काढणार नाही अशा. त्याच्याही गळ्याला नाळ होती. तिथे पेटी उघडणारं कुणी नव्हतं. बस, एवढंच. पुढची ओळ दुसऱ्या विषयावर आहे.

आता घरात असा कारभार आहे: सूनबाईने पोरीपेक्षा जड काही उचलायचं नाही. पोरीला काखेत कलिंगड धरल्यासारखं आडवं धरून पाजायचं, म्हणजे शिवणीवर भार येत नाही. (पोरीला मी 'मूठ' म्हणते. जन्मल्यापासून मूठ वळलेलीच आहे, कुणावर राग आहे ते अजून सांगत नाही.) खोकताना, शिंकताना पोटाशी उशी. आणि माझ्यासाठी एक नियम सूनबाईने केलाय, तो सगळ्यात कठीण. परवा मी मुठीकडे बघून म्हणाले, नाक बापाचं घेतलंय, पण काळजी नको, लोकांना हळूहळू सवय होते. तर ही हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, उशी सापडेना, एका हाताने पोट धरलेलं. म्हणाली, आई, बोलू नका ना, टाके ताणतात. विहीणबाई, मला गप्प बस म्हणणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. आवडतंय म्हणून गप्प बसा म्हणणारी ही पहिली. तेव्हापासून मी मुकी आहे. दोन दिवस! जिभेला फोड आलेत, म्हणूनही हे पत्र एवढं लांबलं.

तर काळजी करू नका. माझं सगळं नीट चाललंय, मी एकटी पुरून उरतेय, तुमच्यावाचून काही अडत नाही. व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण
(पेटीवाली)

ता. क. वर 'एकटी पुरून उरतेय' लिहिलंय ते खोटं आहे. काल मी मुठीला दुपट्यात गुंडाळलं ते इतकं पक्कं की उलगडायला चिरंजिवाला बोलवावं लागलं. हात पोती विसरत नाही.

ता. क. २. हे माफीचं पत्र नाही. माफी मला लिहिता येत नाही, तिसरीपर्यंत शिकवली नव्हती.

ता. क. ३. सूनबाई तुम्हाला फोनवर 'सगळं ठीक आहे' सांगते. तिच्या 'ठीक'वर विश्वास ठेवू नका, बादलीसुद्धा ठीकच होती. दुपारी झोपेत ती तुम्हाला हाक मारते. मीही 'आई'च, पण ती हाक माझ्यासाठी नसते. माझ्यासाठीची जरा सांभाळून येते, मागे 'आहात का' लावून.

ता. क. ४. पत्र घेऊन चिरंजीव स्वतः आलाय. दारात उभा असेल, त्याला पाणी द्या. गाडीची मागची सीट रिकामी ठेवायला सांगितली आहे. तुमची बॅग अजून भरलेलीच असेल, कारण भरलेली बॅग रिकामी करायला लागतो तो राग तुमच्यात नाही.

ता. क. ५. आता खरं काम. मी त्या दिवशी दार उघडं असताना बोलले. तुम्ही आलात की मला त्याच खणखणीत आवाजात जे काय बोलायचं ते बोला. कोपऱ्यात नेऊन, हळू, दोन बायकांमधलं असं नको. तिच्या खोलीचं दार मी उघडं ठेवीन. तिने शब्दन् शब्द ऐकला पाहिजे. मी उलट उत्तर देणार नाही. (एखादं सुटलं तर सोडून द्या.)

फक्त सुरू करण्याआधी तिच्या हातात उशी द्या.